वैराग नेमकं कुठे उभं आहे? गावाची बरोबरीच्या गावांशी तुलना कशी करायची

वैरागच्या स्टँडवर चहा घेताना दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "वैराग आता लई सुधारलं." दुसरं, "इथं काय ठेवलंय? पोराला पुण्याला धाडा." कधी कधी दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. रस्ता झाला, दुकानं वाढली, गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलं, हे त्याला दिसतं. पण बारावी झालेली मुलगी पुढे कुठे शिकणार, शिवणकाम करणाऱ्या भावाला महिन्याला किती दिवस काम मिळणार, हे प्रश्न घरात तसेच असतात.

गाव सुधारलं की मागे पडलं, हे नुसतं बघून कळत नाही. कुणाच्या तुलनेत, कोणत्या बाबतीत आणि कुणासाठी, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. शहरांची अशी तुलना करण्याची एक रीत जगभर तयार झालेली आहे. तिला शहराची स्पर्धाक्षमता मोजणं म्हणतात. ही रीत काय आहे, तिच्यात फसगत कुठे होते आणि वैरागसारख्या छोट्या गावात आपल्या कुटुंबांना ती कशी वापरता येईल, ते इथे सविस्तर पाहू.

स्पर्धाक्षमता म्हणजे काय?

हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९९० साली देशांच्या स्पर्धाक्षमतेवर मोठा ग्रंथ लिहिला. तीच चौकट पुढे राज्यांना आणि शहरांना लावली गेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एखादी जागा पुढे जाते ती चार गोष्टींच्या जोरावर. पहिली, तिथली माणसं, पाणी, रस्ते, भांडवल. दुसरी, तिथलं गिऱ्हाईक किती चोखंदळ आहे. तिसरी, धंद्याला लागणारे जोडधंदे जवळ आहेत का. चौथी, धंदा करण्याची मोकळीक आणि आपसातली निकोप चढाओढ.

सोलापूरची चादर घ्या. नुसत्या मागांवर ती उभी राहिली नाही. सूत, रंगाई, माग दुरुस्त करणारे कारागीर, माल बांधणारे, वाहतूकदार आणि पिढ्यानपिढ्यांचं कसब हे सगळं एका शहरात होतं, म्हणून सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनापर्यंत मजल मारता आली. वैरागचा कणा वेगळा आहे. आजूबाजूच्या खेड्यांचा माल इथे येतो. बार्शी बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. त्यामुळे इथले जोडधंदे म्हणजे बी-बियाणं, ट्रॅक्टरची दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, वेल्डिंग, हमाली, टेम्पो. आपल्या बिरादरीतले बरेच हात याच कामांत आहेत.

स्पर्धाक्षमता म्हणजे शेजारच्या गावाला पाडणं नव्हे. एकाच मेहनतीचं, एकाच कसबाचं मोल कोणत्या गावात जास्त मिळतं आणि त्या मोलातून कुटुंबाचं जगणं किती सुधारतं, हा तिचा खरा अर्थ आहे.

सहाशे वर्षांपूर्वीची तुलना

ही कल्पना आजची नाही. ट्युनिसमध्ये जन्मलेले इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी १३७७ साली 'मुकद्दमा' लिहिला. त्यात शहरं भरभराटीला का येतात आणि का ओसरतात, यावर मोठं विवेचन आहे. मोरोक्कोतल्या फास शहराची तुलना त्यांनी बिजाया, तिलिमसान आणि सबता या शहरांशी केली. पण ती करताना राजवाडे मोजले नाहीत. काझीची स्थिती काझीशी ताडून पाहिली, व्यापाऱ्याची व्यापाऱ्याशी, कारागिराची कारागिराशी. शेवटी ते भिकाऱ्यापर्यंत गेले. फासचे भिकारी बकरी ईदला कुर्बानीच्या जनावरासाठी पैसे मागतात, तूप-मांस आणि भांडीकुंडी मागतात, असं त्यांनी पाहिलं होतं. तिलिमसान किंवा वहरानमध्ये कुणी असं मागितलं तर लोक त्याला झिडकारतील, असं त्यांचं निरीक्षण होतं.

शहराची ऐपत तिथल्या सर्वांत श्रीमंत माणसावरून कळत नाही. एकाच थरातली, एकाच धंद्यातली दोन माणसं दोन गावांत कशी जगतात, यावरून कळते. वैरागचा शिंपी आणि नातेपुत्याचा शिंपी, वैरागचा गवंडी आणि माढ्याचा गवंडी, वैरागची दहावी झालेली मुलगी आणि माळशिरसची दहावी झालेली मुलगी, अशी तुलना केली तर गाव कुठे उभं आहे ते दिसतं. या लेखातली पुढची सगळी रीत या एका सूत्रावर चालते.

मोठ्या शहरांच्या याद्या आणि त्यांचे धडे

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमान सुलभता निर्देशांक जाहीर केला. पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. त्यात १५ गटांतले ७८ निकष होते. पुढचा निर्देशांक मार्च २०२१ मध्ये आला, तेव्हा मोजपट्टी बदलली होती. जीवनमानाला ३५ टक्के, आर्थिक क्षमतेला १५ टक्के, शाश्वततेला २० टक्के आणि पहिल्या खेपेला नसलेल्या नागरिकांच्या मतांना ३० टक्के वजन दिलं गेलं. निकष ४९ झाले. शहरांचे दोन गट पडले, दहा लाखांवरची आणि त्याखालची. मोठ्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं आलं, छोट्या गटात शिमला पहिलं.

मधल्या काळात पुणं बिघडलं किंवा बंगळुरू एकदम सुधारलं, असा अर्थ त्यातून काढता येत नाही, कारण पट्टीच बदलली होती. म्हणून कोणतीही क्रमवारी वाचताना आधी विचारावं की काय मोजलं, कशाला किती गुण दिले आणि कुणाशी तुलना केली.

या याद्यांत वैराग नाही आणि असणारही नाही. छोट्या गावांना सामावून घेणारी ठळक राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे स्वच्छ सर्वेक्षण. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेल्या या सर्वेक्षणात २०२१ पर्यंत ४,३२० शहरं आली. त्यात एक लाखाखालच्या गटात आपल्याकडच्या गावांनी नाव काढलं. २०२० मध्ये कराड पहिलं, सासवड दुसरं आणि लोणावळा तिसरं होतं. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातलं विटा पहिलं आलं, २०२२ मध्ये पाचगणी. म्हणजे छोटं गाव मोजमापात उतरू शकतं आणि पुढेही येऊ शकतं. फक्त स्वच्छता हा गावाच्या जगण्याचा एक भाग झाला. रोजगार, शिक्षण, कर्ज, मुलींचं भवितव्य हे त्यात येत नाही. ते आपल्यालाच मोजावं लागेल.

वैरागची बरोबरी कुणाशी?

आपण नेहमी वैरागची तुलना बार्शीशी करतो आणि निराश होतो. ही तुलनाच चुकीची आहे. बार्शी तालुक्याचं ठिकाण आहे. तिथली नगरपालिका १८६५ ची. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला पोहोचली आणि व्यापाराला जी चालना मिळाली ती पुढच्या शंभर वर्षांना पुरली. ही गाडी वैरागला आली नाही. एवढा फरक असलेल्या दोन ठिकाणांची क्रमवारी लावून काही हाती लागत नाही.

बरोबरीचं गाव निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. लोकसंख्या साधारण सारखी असावी. प्रशासनाचा दर्जा सारखा असावा. मोठ्या शहरापासूनचं अंतर आणि आजूबाजूच्या खेड्यांशी नातं सारखं असावं. पाऊसपाणी फार वेगळं असेल तर ते ध्यानात घ्यावं.

सोलापूर जिल्ह्यात अशी गावं आयती सापडतात. डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये वैराग, नातेपुते, महाळुंग-श्रीपूर, माढा आणि माळशिरस या पाच नगरपंचायतींची निवडणूक एकाच वेळी झाली आणि १९ जानेवारी २०२२ ला निकाल लागला. या पाचांपैकी तीन नगरपंचायती, वैराग, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर, तालुक्याचं ठिकाण नसलेल्या. तिघी एकाच सुमारास ग्रामपंचायतीतून वर आल्या.

तरी त्यांच्यात फरक आहेत आणि ते लिहून ठेवायला हवेत. नातेपुते पालखी मार्गावर आहे आणि नीरेच्या कालव्याचा पट्टा त्याच्या जवळ आहे. श्रीपूरला साखर उद्योगाची परंपरा १९३० च्या दशकापासूनची आहे. माढा आणि माळशिरस या दोन्ही ठिकाणी तहसील आहे, त्यामुळे कचेरीच्या कामाला येणारं गिऱ्हाईक आयतं मिळतं. माढ्याला रेल्वेही आहे. वैराग कोरडवाहू पट्ट्यात आहे, रेल्वे नाही, तहसील नाही. वैराग तालुका व्हावा ही मागणी जुनी आहे, ती का आहे हेही या तुलनेतून कळतं. या अडचणी असूनही एखाद्या बाबतीत वैराग पुढे असेल तर ती गावाची स्वतःची कमाई. आणि जिथे या अडचणींचा काही संबंध नाही अशा बाबतीत, समजा शाळेतली हजेरी किंवा गटारांची सफाई, वैराग मागे असेल तर तो दोष पावसावर टाकता येणार नाही.

काय मोजायचं?

निकष थोडे असावेत, पण असे असावेत की त्यातून घराची स्थिती कळेल. आर्थिक बाजूचे सहा आणि सामाजिक बाजूचे सहा, एवढे पुरेत.

आर्थिक बाजू:

१. गवंडी, शिंपी, वेल्डर, हमाल, रिक्षावाला यांची दिवसाची मजुरी आणि महिन्यातले कामाचे दिवस. नुसती मजुरी विचारून चालत नाही. सहाशे रुपये रोज आणि बारा दिवस काम, यापेक्षा पाचशे रोज आणि बावीस दिवस काम केव्हाही बरं. पहिल्याचे महिन्याला ७,२०० होतात, दुसऱ्याचे ११,०००.

२. उपबाजारातली आवक आणि भाव. गावात पैसा किती फिरतो याची ही नाडी आहे.

३. गावातल्या बँकांत शंभर रुपये ठेव असेल तर त्यातले किती रुपये गावातच कर्जाऊ दिले जातात. पैसा गावाचा आणि कर्ज दुसऱ्या गावाला, असं होतंय का ते यातून कळतं.

४. नव्याने सुरू झालेली आणि तीन वर्षांनंतर टिकलेली दुकानं. किती उघडली यापेक्षा किती टिकली हे महत्त्वाचं.

५. नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, दरडोई किती.

६. अठरा ते तीस वयातली किती मुलं कामासाठी बाहेरगावी गेली आणि त्यातली किती मनाविरुद्ध गेली.

सामाजिक बाजू:

१. दहावीत बसलेल्या मुलींपैकी अकरावीत किती पोहोचल्या आणि बारावीनंतर किती पुढे गेल्या.

२. लग्नाच्या वेळी मुलीचं वय.

३. नळाला किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येतं.

४. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर बाई किती वेळात आणि किती खर्चात डॉक्टरपर्यंत पोहोचते.

५. बाई स्वतः कमावते का आणि ती कमाई तिच्या हातात राहते का.

६. मोहल्ल्यात गटार, दिवा आणि कचरागाडी आहे का.

मुलींचा आकडा सर्वांत वर का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४०.३ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं आढळलं. महाराष्ट्राची सरासरी २१.९ टक्के होती. म्हणजे जिल्ह्याचा आकडा राज्याच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा सगळ्या समाजांचा मिळून आहे, कुणा एकाकडे बोट दाखवायला नाही. पण आपल्या घरांकडे बघायला मात्र आहे.

मुलगी दहावीला थांबली तर गावाच्या अर्थकारणातून एक शिक्षिका, एक नर्स, एक हिशोबनीस, एक दुकान चालवणारी बाई वजा होते. थांबण्याचं कारण बहुतेक वेळा नापास होणं हे नसतं. कॉलेज लांब असतं, बसची वेळ जमत नाही, संध्याकाळी परत यायला अंधार पडतो, "लोक काय म्हणतील" हे असतंच. यातल्या काही अडचणींवर उपाय आधीच आहेत. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. जुलै २०२४ पासून आठ लाखांखाली उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार अशा आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीत येतात. प्रश्न इतकाच की किती घरांत जातीचा दाखला काढलेला आहे. हा आकडासुद्धा मोजण्यासारखा आहे, आणि तो सुधारायला सरकारकडून नवी योजना यावी लागत नाही.

सरासरी फसवते

गावाचा आकडा चांगला आला तरी आतलं चित्र वेगळं असू शकतं. २००१ च्या जनगणनेत देशात मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के होती आणि एकूण सरासरी सुमारे ६५ टक्के. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात यावरच बोट ठेवलं. पण महाराष्ट्रात चित्र उलटं दिसतं. इथे मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के आणि राज्याची ७६.९. मग आपण पुढे आहोत का? जरा थांबा. महाराष्ट्रातले दहापैकी सात मुसलमान शहरात राहतात आणि राज्यातल्या शहरी भागाची साक्षरता तेव्हा ८५ टक्क्यांच्या वर होती. आपली बरोबरी शहरी शेजाऱ्याशी लावली की आपण मागे आहोत हे दिसतं. काझीची तुलना काझीशी करा, असं इब्न खल्दून का म्हणत होते ते इथे कळतं.

म्हणून प्रत्येक निकष दोनदा मोजावा. एकदा सगळ्या गावाचा आणि एकदा आतले भाग वेगळे करून. मुली आणि मुलं वेगळी. पेठ आणि मोहल्ला वेगळा. मालक आणि मजूर वेगळे. कर्जाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. काही बँका ठरावीक वस्त्या नकारात्मक क्षेत्र धरून तिथे कर्ज द्यायला हात आखडता घेतात, असं सच्चर समितीने नोंदवलं होतं. आपल्याकडे तसं आहे की नाही, हे कुरकुरीने ठरत नाही. किती अर्ज गेले, किती मंजूर झाले आणि नामंजुरीचं लेखी कारण काय, हे लिहून ठेवलं तरच ठरतं.

जिल्ह्याच्या सरासरीचंही असंच. महाराष्ट्र मानव विकास अहवाल २०१२ मध्ये सोलापूर जिल्ह्याचा निर्देशांक ०.७२८ होता, राज्याचा ०.७५२, आणि बार्शी तालुक्याला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा ०.६४९. वैराग या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे असेल? जिल्ह्याचा अहवाल ते सांगत नाही.

गुण कसे द्यायचे?

मजुरी रुपयांत, पाणी दिवसांत, शिक्षण टक्क्यांत. हे सगळं एकत्र कसं करायचं? रीत सोपी आहे. पाच गावांतला सर्वांत कमी आकडा शून्य धरायचा, सर्वांत जास्त शंभर. मधलं गाव त्या पट्टीवर कुठे बसतं ते काढायचं. समजा अकरावीत पोहोचणाऱ्या मुलींचं प्रमाण पाच गावांत कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त ८० टक्के आहे. एखाद्या गावात ते ६० असेल तर त्याला ५० गुण. पाण्यासारख्या निकषात जास्त दिवसांचा खंड म्हणजे वाईट, तिथे पट्टी उलटी धरायची.

पुढची अडचण वजनाची. समजा 'अ' गावाला धंद्यात ८० आणि शिक्षणात ४० गुण आहेत, 'ब' गावाला ५० आणि ६६. दोन्हींना सारखं वजन दिलं तर 'अ' ६० आणि 'ब' ५८, म्हणजे 'अ' पुढे. शिक्षणाला ६० टक्के आणि धंद्याला ४० टक्के वजन दिलं की 'अ' ५६ आणि 'ब' ५९.६, म्हणजे 'ब' पुढे. आकडे तेच, निकाल उलटा. म्हणून वजनं आकडे पाहण्याआधी ठरवावीत आणि सगळ्यांसमोर ठरवावीत. मागाहून ठरवलेलं वजन म्हणजे तराजूखाली लावलेलं चुंबक.

आणखी एक युक्ती संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाकडून घेता येते. हा निर्देशांक १९९० साली पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी पुढाकार घेऊन सुरू केला, अमर्त्य सेन त्यांच्यासोबत होते. २०१० पासून त्यात साधी सरासरी सोडून गुणाकाराची सरासरी वापरतात. फरक पाहा. धंद्यात ९० आणि मुलींच्या शिक्षणात १० गुण असलेल्या गावाची साधी सरासरी ५० येते. दोन्हींत ५० असलेल्या गावाचीही ५०. पण गुणाकाराच्या सरासरीत पहिल्या गावाचे फक्त ३० होतात, दुसऱ्याचे ५० राहतात. एका बाजूची श्रीमंती दुसऱ्या बाजूचं दुबळेपण झाकू शकत नाही. कुटुंबाचा हिशोबही असाच असतो.

छोट्या गावात दोन काळज्या जास्त घ्याव्यात. एक, वर्गात वीसच मुली असतील तर दोन मुलींनी निकाल दहा टक्क्यांनी हलतो, म्हणून तीन वर्षांची सरासरी धरावी. दोन, वैरागची दुकानं फक्त वैरागची नाहीत, भोवतालच्या खेड्यांची आहेत. दर हजार लोकांमागे दुकानं मोजताना त्या खेड्यांची लोकसंख्या धरली नाही तर गाव आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसेल.

आकडे कुठून आणायचे?

जनगणनेचे हाताशी असलेले आकडे २०११ चे आहेत. तेव्हा वैराग ग्रामपंचायत होतं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलेली आहे. नगरपंचायत म्हणून वैरागची ही पहिली मोजणी, त्यामुळे प्रत्येक घराची नोंद नीट होणं गरजेचं आहे.

बाकीचे आकडे विखुरलेले पण मिळण्याजोगे आहेत. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, त्यावरून इयत्तावार मुलं-मुली आणि सोयींची माहिती निघते. राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या भावपत्रकात 'बार्शी-वैराग' अशी वेगळी नोंद असते. नगरपंचायतीचा अर्थसंकल्प आणि वसुलीचे आकडे मागता येतात. पंधराव्या वित्त आयोगाने तर अनुदानासाठी हिशोब ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. अर्जात मुद्दा एकच ठेवावा आणि वर्षं स्पष्ट लिहावीत.

मजुरी, कामाचे दिवस, कर्ज, मुलींची शाळा सुटण्याचं कारण, हे मात्र कोणत्याच कचेरीत मिळणार नाही. त्यासाठी घरी जावं लागेल. प्रत्येक गावात शंभर घरं पुरतात. ओळखीची घरं निवडू नयेत, ओळीने दर पाचवं किंवा दहावं घर घ्यावं. बायकांशी बायकांनी बोलावं. नाव, आधार, कोणताही कागद मागू नये आणि हे दारातच सांगावं. कागदपत्रांच्या नावाने लोक बिचकतात आणि त्यांचं बिचकणं गैर नाही. शंभर घरांच्या पाहणीत दोन गावांत चार-पाच टक्क्यांचा फरक आला तर तो फरक धरू नये. वीस-पंचवीसचा आला तर मात्र गंभीरपणे घ्यावा.

मोजून काय होतं?

"मोजून पोट भरतं का?" असा प्रश्न कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये टाटा मेमोरियलच्या साहाय्याने १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं त्यात होती. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतच नव्हता, म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, विचारत राहिले, लिहीत राहिले. लिहिता लिहिता लक्षणंही समजावत गेले. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागले. औषध नवं आलं नव्हतं, विचारपूस नवी आली होती.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, हे त्यातून जगाला कळलं. या कोरडवाहू पट्ट्यातल्या बायकांची नोंद कुणीतरी चिकाटीने ठेवली, म्हणून हे घडलं.

गावाच्या स्पर्धाक्षमतेचंही तसंच आहे. पहिल्या वर्षी फक्त वही भरेल. दुसऱ्या वर्षी कळेल की अकरावीला मुली कमी पडतात त्या एका ठरावीक बाजूच्या वस्तीतून, आणि तिथून सकाळची बस नाही. मग नुसतं "शिक्षणात मागे आहोत" असं रडगाणं गाण्याऐवजी एसटीच्या आगारात जाऊन एका बसची वेळ मागता येईल. कळेल की दहा वेल्डरांपैकी आठ जण खासगी व्याजाने पैसे घेतात. मग मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचा अर्ज त्या आठ जणांकडून भरून घेता येईल. कळेल की नातेपुत्यात एखादी गोष्ट नीट चालते. मग तिथे जाऊन ती बघून येता येईल. सोलापूर जिल्ह्यातलं गाव आहे, सकाळी निघून रात्री घरी.

सुरुवातीला मोठं काही नको. शाळेतले दोन शिक्षक, बचत गटातल्या दोन बायका, मशिदीच्या कमिटीतलं एक जाणतं माणूस, बाजारपेठेतला एक दुकानदार आणि कॉलेजात शिकणारी चार मुलं-मुली एवढे जमले तरी बारा निकषांची वही सुरू होते. गट सगळ्या समाजांचा मिळून असला तर उत्तम, कारण पाणी आणि बस सगळ्यांची एकच असते. वही दरवर्षी त्याच महिन्यात भरावी, त्याच पट्टीने भरावी आणि वाईट आकडासुद्धा न लपवता वाचून दाखवावा.

पाच वर्षांनी स्टँडवर पुन्हा तेच दोन वाक्यं ऐकू येतील. तेव्हा वही काढून सांगता येईल की वैराग कशात सुधारलं, कशात नाही, आणि पोराला पुण्याला धाडायची पाळी नेमकी कशामुळे येते.